होस्टेलवरच्या मुलांशी फोनवर बोलताना या चुका टाळा

रात्री मेस सुटली की आमच्या होस्टेलच्या जिन्यात मुलं फोन कानाला लावून उभी असतात. येता-जाता कानावर पडतं ते असं: "हो. जेवलो. चालूये अभ्यास. नाही, काही नाही. ठेवू?" एक मिनिट, फार तर दीड. पुण्यात रेक्टर म्हणून अकरा वर्षं हे ऐकतेय. 'पोरं घरी काही सांगत नाहीत' ही आईवडिलांची तक्रार मला अर्धीच खरी वाटते. सांगायला त्या फोनमध्ये जागाच नसते.

हजेरी घेतल्यासारखा फोन

जेवलास का, अभ्यास झाला का, पैसे आहेत का. विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण तिन्ही प्रश्न 'हो' म्हटलं की संपतात. त्याआधी घरचं काहीतरी सांगा. गाय व्याली, आजीचा चष्मा फुटला, शेजारी बोअर घेतली. ऐकता ऐकता मूल आपसूक बोलायला लागतं. मागच्या वेळी त्याने सांगितलेलं लक्षात ठेवून विचारलंत, "तुझा रूममेट गावाहून आला का रे?", तर फोन लवकर ठेवला जात नाही.

आधी मार्क, मग मुलगा

परभणीकडचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा. सेकंड इयरच्या एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, नापास झाला आणि एटीकेटी लागली, म्हणजे तो विषय पुन्हा द्यायचा. घरी सांगितलं, निकाल अजून लागायचाय. दिवाळीत सबमिशनचं कारण काढून तो गेलाच नाही. अख्खा मजला रिकामा आणि हा दिवा न लावता खोलीत बसलेला. मी चहा घेऊन गेले. कप हातात धरून बसला, प्यायला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मॅडम, बाबांनी कर्ज काढलंय. कसं सांगू?"

त्या घरात कुणी कधी हात उगारला नव्हता. फक्त प्रत्येक फोनमध्ये एक वाक्य यायचं, "आम्ही पोटाला चिमटा काढून शिकवतोय तुला." वडील खरं तेच सांगत होते. मुलाला मात्र ऐकू यायचं, की आपल्याला नापास व्हायची मुभा नाही. शेवटी माझ्यासमोरच त्याने फोन लावला. वडील थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तू आधी घरी ये." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तो गेला.

वाईट बातमी आली की पहिलं वाक्य असं हवं. विषय पुन्हा देता येतो, त्याचं नंतर बघू.

"टेन्शन घेऊ नकोस"

हे ऐकून कुणाचं टेन्शन गेलेलं मी पाहिलं नाही. "कधीपासून असं होतंय?" विचारा आणि गप्प बसा. फोनवरची शांतता भरून काढायची घाई नको.

रूममेटला गुपचूप फोन करून बातमी काढणंही टाळा. कळल्यावर मूल दोघांशीही बोलायचं थांबतं. कॉलेजवाल्यांनाही माझी विनंती आहे: कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट वर्गात मोठ्याने वाचू नका. हजेरी का घसरली, हे आधी त्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारा.

थेट विचारायला घाबरणं

झोप उडते किंवा दिवसभर झोपच लागते, मेसला जाणं बंद होतं, आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या जातात, "मी नसलो तर तुमचा खर्च तरी वाचेल" असं बोलणं येतं. अशा वेळी स्पष्ट शब्दांत विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं.

उत्तर 'हो' आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. फोन चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून रेक्टरला कळवा, म्हणजे कुणीतरी लगेच त्याच्याजवळ जाऊन बसेल. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पोलीस केसच्या भीतीने गप्प राहू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखालचा मानतं आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक करतं.

रेक्टरचा आणि एका जवळच्या मित्राचा नंबर प्रवेशाच्या दिवशीच, मुलाला सांगून, लिहून घ्या. रात्री दोन वाजता तो शोधत बसायला वेळ नसतो.