डाएटेटिक्सला ॲडमिशन घेतली? आधी घरचा तांदूळ मोजा

पहिल्या वर्षाच्या पोरी फोन करतात आणि विचारतात, ताई, बायोकेमिस्ट्री जमेल का? जमेल. दारव्हा तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेल्या मीही ग्लायकोलायसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज फुटण्याच्या, दहा पायऱ्या भिंतीवर चिकटवून पाठ केल्या. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत इंग्रजी पुस्तकं वाचायची सवय झाली. एखादा पेपर राहिला तरी पुढच्या वेळी निघतो, त्यासाठी रडत बसू नका. भीती बाळगायचीच असेल तर मील प्लॅनिंगच्या प्रॅक्टिकलची बाळगा. तिथं चूक करूनही पूर्ण मार्क मिळतात. मला मिळाले होते.

चूक अशी. एनआयएनच्या, म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, तक्त्यांतून आपण तांदूळ, डाळ, ज्वारीचे आकडे घेतो. ते असतात 100 ग्रॅम कच्च्या, खाण्याजोग्या मालाचे. पहिल्याच तासाला हे सांगतात, आपण वहीत लिहून घेतो आणि मग तीन वर्षं जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, नुसतं ‘भात 60 ग्रॅम’ लिहीत राहतो. कच्चा की शिजलेला, कुणी विचारत नाही, कारण कॅलरींची बेरीज जुळलेली असते. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात 350 च्या आसपास कॅलरी असतात. शिजला की तो पाणी पिऊन अडीच-तीनपट वजनाचा होतो, त्यामुळे 100 ग्रॅम भातात उरतात 120-130. डाळीचंही तसंच. 100 ग्रॅम तूरडाळीत 22 ग्रॅम प्रोटीन असतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण वाटीभर पातळ वरणात डाळच 15 ग्रॅम असेल तर प्रोटीन जेमतेम सव्वातीन ग्रॅम मिळतं. (एनआयएनच्या 2017 च्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. ज्वारीपुढे 1398 दिसलं की 4.184 नं भागा, 334 कॅलरी येतील.)

इंटर्नशिपला एक आजी होत्या, शुगरच्या, इन्सुलिनवर. मी त्यांच्या डाएट शीटवर लिहिलं, भात 60 ग्रॅम, दोन वेळा. माझ्या डोक्यात कच्चा तांदूळ होता, म्हणजे 210 कॅलरी. किचननं शीट वाचली आणि शिजलेला भात 60 ग्रॅम वाढला, म्हणजे साधारण 75. वरणातही तोच घोळ. साखर उतरवणारं इन्सुलिन मात्र पूर्वीइतकंच. आजी दोन दिवस सांगत होत्या, "पोरी, पोट भरत नाही वं, एवढाशा भातानं काय होते?" शुगरच्या पेशंटला भूक लागतेच, असं समजून मी पुढच्या बेडकडे गेले. तिसऱ्या संध्याकाळी त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, रक्तातली साखर 60 च्या खाली गेली. सिस्टरनं लगेच ग्लुकोज दिलं म्हणून निभावलं. ती चूक माझी होती. आजही शीट लिहिताना पोटात गोळा येतो.

चूक पकडली ती किचनमधल्या मावशींनी. "मॅडम, हे तांदूळ लिवले का भात?" एवढंच विचारलं त्यांनी. माझं ठाम मत आहे की इंटर्नशिपचे पहिले आठ दिवस वॉर्डाआधी किचनमध्ये काढावेत. गंजात किती तांदूळ पडला, त्याच्या किती पळ्या भात निघाला, हे जितकं त्या मावशींना कळतं तितकं मला कुठल्याही लेक्चरमध्ये कळलं नाही. सीनियरचं जर्नल उतरवू नका. त्यात चूकसुद्धा वर्षानुवर्षं उतरत आलेली असते. ॲपवरून डाएट चार्ट काढणं तर बंदच करा. ॲपची ‘एक भाकरी’ आपल्या भागातली नसते.

भाकरीचंच बघा. प्रॅक्टिकलमध्ये धान्याचा एक एक्स्चेंज, म्हणजे मोजणीसाठी ठरवलेला एक वाटा, असतो 30 ग्रॅम पिठाचा, 100 कॅलरींचा. माझ्या आईच्या एका भाकरीचा उंडा मी मोजला, त्यात कोरडं पीठ भरलं 85 ग्रॅम. पेशंटला ‘दोन भाकरी खा’ म्हटलं तर वहीत 200 आणि ताटात पावणेसहाशेच्या जवळ. पण इथंच गावाकडच्या पोरीचा हात वर असतो. पेशंट ‘भाकर अन् जवसाची चटणी’ म्हणाला की केवढी भाकर, चटणीवर तेल किती, हे आपोआप आपल्या तोंडून विचारलं जातं. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागं राहू नका, ते येतं.

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडच्या पोषण पुनर्वसन केंद्रात, जिथं अति कुपोषित लेकरांवर उपचार होतात, काम करायचं मनात असेल तर एक आणखी सांगते. तिथं लेकरांना एफ-75 आणि एफ-100 नावाचं उपचाराचं दूध देतात. त्यांचे आकडे तक्त्यांसारखे कच्च्या मालाचे नसतात, ते 100 मिली तयार दुधाच्या कॅलरी सांगतात. प्रत्येक आकड्यापुढे ‘कच्चा’ की ‘तयार’ हे लिहायची सवय आत्तापासून लावा. आरडीच्या, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियनच्या, परीक्षेला बसायचं असेल तर सहा महिन्यांची इंटर्नशिप कुठली चालते, ते इंडियन डाएटेटिक असोसिएशनकडून आधी विचारून घ्या. कुणाच्या सांगण्यावर फी भरू नका.

आणि या सुट्टीत तालुक्याच्या बाजारातून किचनचा छोटा काटा आणा. सकाळी सैपाकाच्या वेळी चुलीपाशी मांडून बसा. आई चिडेल. माझी चिडली होती, "आता भाकर थापू का मोजू?" चौथ्या दिवशी तीच पिठाचं ताट काट्यावर ठेवून मला हाका मारत होती, "ये वं लवकर, तवा तापला."