सोसायटीत घरचा मध विकताय? या चुका टाळा

मुळशीकडे भावाच्या शेतावर आमच्या सातेरी मधमाश्यांच्या आठ पेट्या आहेत. मध निघाला की कोथरूडच्या आमच्या सोसायटीतच विकतो. पहिल्याच वर्षी, जानेवारीत, तळमजल्यावरच्या काकू बरणी घेऊन दारात उभ्या. "तळाशी साखर बसलीय बघा. आम्ही कुठं काही बोललो नाही हो, पण..." तो 'पण' संध्याकाळपर्यंत तिन्ही इमारतींत फिरला होता.

चूक माझीच. मध साखरतो हे विकतानाच सांगायला हवं होतं. तक्रार आल्यावर सांगितलं की ती सारवासारव वाटते. मधातलं ग्लुकोज गारठ्यात दाणे धरतं, १४ अंशांच्या आसपास तर फारच भराभर. पुण्यातला पौष म्हणजे नेमकी तीच हवा. आता प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते: 'थंडीत मध साखरतो. साखर आम्ही घातलेली नाही. बरणी कोमट पाण्यात ठेवावी, गॅसवर ठेवू नये.' पुणेकर तोंडी सांगितलेलं ऐकत नाही, पाटी मात्र वाचतो. कोमट म्हणजे बोट सहज बुडवून ठेवता येईल इतपत, ४० अंशांच्या आसपास. उकळत्या पाण्यात मध पातळ होतो खरा, पण रंग काळवंडतो आणि फुलांचा वासही जातो.

फेसाची तक्रार मात्र वेगळी. जुलैत एकाची बरणी उघडताना फस्स झालं, वर फेस, चव आंबूस. तिथे वाद घालू नका, बरणी मुकाट्याने परत घ्या. मधात पाणी जास्त राहिलं की तो आंबतो. अन्नसुरक्षेच्या नियमातही ओलाव्याची कमाल मर्यादा २० टक्के आहे. आम्ही घाईघाईत, माश्यांनी मेणाने बंद न केलेल्या पोळ्याच्या चौकटीही मध काढायच्या यंत्रात फिरवल्या होत्या. चौकटीचे किमान तीन चतुर्थांश कप्पे बंद झाल्याशिवाय मध काढू नये. बरण्या धुवून उन्हात खडखडीत वाळवा आणि झाकणं घट्ट लावा, कारण मध हवेतलं पाणीसुद्धा ओढून घेतो.

मापाचा घोळ तर खिशालाच लागला. ५०० मिलीच्या बरण्या गळ्यापर्यंत भरून त्या 'अर्धा किलो' म्हणून विकत होतो. मध पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड, त्यामुळे एका बरणीत सातशे ग्रॅम जात होता! बायकोने किचनच्या काट्यावर ठेवून दाखवलं तेव्हा कळलं. मध वजनावरच विका, आणि लेबलवर निव्वळ वजन, भरल्याची तारीख, एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणीचा क्रमांक हवाच. चार घरांत विकताय म्हणून नोंदणीतून सुटका नाही.

मधात बुडवलेली काडी पेटवून किंवा पाण्यात थेंब सोडून शुद्धता सिद्ध करायच्या फंदात पडू नका. साखरेचा दाट पाकही पाण्यात तसाच तळाशी जातो, आणि एखादे निवृत्त काका ते घरी करून बघतातच. पेट्या कुठे आहेत, मध कधी काढला, तेव्हा जांभूळ फुललं होतं की हिरडा, हे सांगा. मला तर रविवारी दोघा-तिघांना मुळशीला नेणंच जास्त फळलं. पेट्या नव्यानेच घेतल्या असतील, तर गणेशखिंड रस्त्यावर १९६२पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. इतक्या जवळ असून यूट्यूबवर शिकण्यात मी एक हंगाम घालवला. 'मधुमेहाला चालतो' हे मात्र चुकूनही म्हणू नका. मध म्हणजे बहुतांश साखरच.

आणि एक गोष्ट गिऱ्हाईक तुटलं तरी सांगायचीच: वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बिजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात. आपल्याकडे मधाचं बोट चाटवायची, गुटी मधात उगाळायची सवय, त्यामुळे हे सांगणं जड जातं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी ऐकून म्हणाल्या, "आमची पाच वाढली ती काय हवेवर?" मी काहीच बोललो नाही. त्यांनी बरणी परत माझ्या हातात दिली. दोन दिवसांनी सुनेला विचारून आल्या. "आण ती. मला खोकल्याला लागते," म्हणाल्या, आणि चष्मा लावून आधी चिठ्ठी वाचायला लागल्या.