टेलरची कागदपत्रं उघडण्याआधी

फ्रेडरिक टेलर म्हणजे कारखान्यातलं काम घड्याळ लावून मोजणारा, ‘शास्त्रीय व्यवस्थापना’चा अमेरिकी जनक. त्याची कागदपत्रं न्यू जर्सीतल्या होबोकेनला, स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आहेत. १८८३ मध्ये तो तिथूनच इंजिनिअर झाला. या कागदपत्रांच्या अभ्यासाला बसणार असाल तर टेलरने सांगितलेल्या श्मिट नावाच्या मजुराच्या गोष्टीपासून सुरुवात करू नका.

गोष्ट तुम्हाला पाठ असेल. बेथलहेम स्टीलमध्ये १८९९ साली सुमारे ९२ पौंडांचे बिडाचे ठोकळे वाघिणीत भरणारा हा मजूर. दिवसाला साडेबारा टनांवरून सत्तेचाळीस टनांवर गेला, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ झाली. माझा सगळ्यात जास्त वेळ या गोष्टीने खाल्ला. टेलर ती १९०७ मध्ये घरी आलेल्या पाहुण्यांना सांगतो, १९११ च्या पुस्तकात लिहितो, १९१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे मांडतो. तीन ठिकाणी तेच दिसलं की पुरावा भक्कम वाटतो. पण तिन्ही वेळा बोलणारा एकच आहे, तेही घटनेनंतर आठ ते तेरा वर्षांनी!

काम चालू होतं तेव्हाचा, म्हणजे १८९९ चाच, टेलरसाठी हे काम पाहणाऱ्या गिलेस्पी आणि वॉली यांचा अहवाल वाचा. निवडक धट्ट्याकट्ट्या मजुरांनी जोर लावून दिवसाला ७५ टनांच्या वेगाने माल भरला, त्यातले ४० टक्के वजा केले आणि दिवसाचं काम ४५ टन ठरलं. माणूस किती कामाने थकतो हे मोजून काम ठरवायचं, असं टेलरचं थकव्याचं शास्त्र म्हणतात ते इथे दिसत नाही. दिसतं ते हे, की मजुरांनी टनामागे ठरवलेल्या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि त्यांना काढून टाकलं.

म्हणून प्रत्येक कागदावर दोन तारखा टिपा : घटना कधीची, कागद कधीचा. शब्दशोधाच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. ‘श्मिट’ हे टेलरने दिलेलं नाव; त्या माणसाचं खरं नाव हेन्री नोल. श्मिट शोधत बसलात तर नंतरच्या गोष्टीच पुन्हा पुन्हा समोर येतील.

‘कॉपलीने लिहिलेलं टेलरचं १९२३ चं चरित्र वाच, दोन अवतरणं उचल, भागेल’ असं सांगणाऱ्या मार्गदर्शकाचं ऐकू नका. ग्रंथालयातल्या अभिलेखपालाला प्रश्न विचारा, कितीही साधा वाटला तरी. तीच माणसं खरी वाट दाखवतात.

सुरुवातीला नुसतीच पत्रं वाचली जातात, हाती काही लागत नाही. लागतं हळूहळू, धीर सोडू नका. मात्र हा साठा मुख्यतः टेलरच्या बाजूचा आहे. कामगारांचं म्हणणं हवं असेल तर टेलरच्या पद्धतीविरुद्ध अमेरिकी सैन्याच्या वॉटरटाऊन शस्त्रागारात झालेला १९११ चा संप बघा, आणि त्यानंतरच्या काँग्रेसच्या सुनावणीत तिथल्या कामगारांनी दिलेल्या साक्षी.