धुक्यासाठी चर खणणारा भुंगेरा कसा बघावा

लेपिडोकोरा, म्हणजे हा चर खणणारा भुंगेरा, बघायचा असेल तर भुंगेरा शोधू नका, त्याच्या चराची वाळूवरची रेघ शोधा. हे न कळल्यानं माझ्या दोन पहाटा फुकट गेल्या.

जागा नामिबियातली, गोबाबेब. समुद्रापासून साधारण ६० किलोमीटर आत, कोरड्या क्विसेब नदीच्या काठी. चार्ल्स कोख या भुंगेऱ्यांच्या अभ्यासकानं १९६२ साली तिथे संशोधन केंद्र सुरू केलं. नदीपलीकडे, दक्षिणेला, लाल वाळूच्या टेकड्या. परवाना आधीच काढा आणि केंद्राला कळवून जा.

दिवस ठरवणारे तुम्ही नाही, धुकं. पाऊस तिथे नावापुरता. समुद्रातल्या थंड बेंग्वेला प्रवाहावरून धुकं रात्री आत सरकतं. मी गाडीची काच बघायचो. थेंब ओघळायला लागले की बूट चढवायचे. "उजाडल्यावर जाऊ" म्हणालात की संपलं. वारा रेघा पुसून टाकतो.

टॉर्च वरून मारू नका. वाळूला जवळजवळ टेकवून आडवा धरा, म्हणजे बोटभर उंचवट्याचीही सावली पडते. तसा धरल्यावर मला पहिला चर दिसला: मध्ये उथळ खोबण, दोन्ही कडांना वाळूचे बारीक बांध, आणि सगळी ओळ वाऱ्याला आडवी. शेतातला बांध पाणी अडवतो, हा धुकं अडवतो. बांधाची वाळू आजूबाजूच्या वाळूपेक्षा जास्त ओल धरते. भुंगेरा त्याच वाटेनं परत येत ती ओल शोषून घेतो. मेरी सीली आणि विल्यम हॅमिल्टन यांनी १९७६ साली हे जगापुढे मांडलं.

आता रेघेच्या टोकाशी बसा. हलू नका. स्वारी दिसायला अगदी शर्टाचं बटण: गोल, चपटी, कडा पसरट. उतारावर डोकं खाली, पार्श्वभाग वर करून काळा भुंगेरा उभा दिसला तर तो ओनिमॅक्रिस. तो धुकं पाठीवर झेलतो. बघा जरूर, पण तो हा नव्हे.

दोघंही आपल्या जुन्या पिठातल्या तांबूस किड्यांच्या कुळातले. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "ते बघायला एवढ्या लांब?"

चढताना टेकडीची घसरती बाजू टाळा. पहिल्या पहाटे मी तिथूनच चढलो, आणि जे बघायला आलो होतो त्यावरच वाळू लोटली.