खरिपापूर्वी मागच्या डिफरेन्शियलचे तेल निवडताना

उन्हाळी नांगरणी आटोपलेली असते आणि पेरणीची धांदल अजून सुरू झालेली नसते, त्यामुळे ट्रॅक्टर आणि माल वाहणाऱ्या पिकअपच्या मागच्या डिफरेन्शियलचे (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचे) तेल पाहण्यासाठी नागपूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांना मृगाआधीचा पंधरवडा सर्वांत सोयीचा आहे. सिंथेटिक घ्यावे की साधे (खनिज), हा प्रश्न दुकानात लगेच पुढे येतो. मात्र त्याआधी वाहनाच्या पुस्तिकेत कोणते तेल सांगितले आहे, ते वाचावे.

अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरेन्शियल आणि हायड्रॉलिक यांना एकच तेल असते आणि ब्रेकही त्याच तेलात बुडालेले असतात. अशा ट्रॅक्टरात पुस्तिकेत दिलेले यूटीटीओ प्रकारचेच, म्हणजे गिअर, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक या सगळ्यांना चालणारे, तेल घालावे. पिकअपच्या एक्सलचे जीएल-5 (जास्त दाब सोसणाऱ्या गिअर तेलाची प्रत) तेल, मग ते कितीही महागडे सिंथेटिक असो, त्यात ओतल्यास ब्रेक आवाज करू लागतात आणि नीट धरत नाहीत.

खरी निवड पिकअपच्या बाबतीत आहे. तेथील हायपॉइड क्राऊन-पिनियनचे, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणाऱ्या गिअरजोडीचे, दात एकमेकांवर दाबाने घासत फिरतात, म्हणून सहसा जीएल-5 प्रत लागते. सिंथेटिक 75डब्ल्यू-90 आणि साधे 80डब्ल्यू-90 ही दोन्ही तेले 100 अंश सेल्सियसला एकाच दाटपणाच्या वर्गात मोडतात. ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीतील वागणुकीचा आहे आणि त्याची कसोटी अनुक्रमे उणे 40 व उणे 26 अंशांना घेतली जाते. आपल्याकडील हिवाळ्यात त्या फरकासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. सिंथेटिकचा आपल्याला होणारा लाभ उष्णतेतला आहे, कारण ते तापून लवकर खराब होत नाही. काटोल-नरखेडहून मृग बहाराची संत्री भरून एप्रिलच्या उन्हात रोज नागपूरच्या कळमना बाजाराच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीला ते परवडते. आठवड्यातून एकदा बाजार करणाऱ्या गाडीत मात्र साधे तेल वेळेवर बदलणे अधिक शहाणपणाचे ठरेल, असे माझे मत आहे.

पाणी शिरल्यास दोन्ही तेले सारखीच निकामी होतात. रामटेक, मौद्याकडे धानाच्या चिखलणीत ट्रॅक्टर चाकभर चिखलात चालतो, तेव्हा फाटलेल्या ऑइल सीलमधून आणि ब्रीदरमधून (हवा येण्या-जाण्याच्या तोंडातून) पाणी आत जाते. काढलेले तेल दुधाळ दिसल्यास आधी सील बदलावे आणि ब्रीदर साफ करावा. नवे तेल त्यानंतरच भरावे. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा मऊ थर असणे ही नेहमीची झीज आहे, पण बोटाला टोचणारा लोखंडाचा कपचा सापडला, तर हाऊसिंग उघडून दात तपासल्याशिवाय गाडी कामाला लावू नये.

तेल गाडी थोडी चालवून, कोमट असताना काढावे, आणि सपाट जागी उभ्या गाडीत लेव्हल बोल्टच्या छिद्राच्या काठापर्यंतच भरावे. जुने तेल धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे.