आंशिक दाबाचं गणित मांडण्याआधी

वायूंच्या मिश्रणात एकेका वायूचा स्वतःचा जो दाब असतो, तो त्याचा आंशिक दाब. तो काढायचा तर पहिली तयारी रेणुभारांची करा. ऑक्सिजन ३२, नायट्रोजन २८, हेलियम ४, एवढे तरी तोंडपाठ हवेतच. '८ ग्रॅम ऑक्सिजन, ३ ग्रॅम हेलियम, एकूण दाब ४ बार' असं गणित आलं की हात लगेच ग्रॅमचंच गुणोत्तर मांडायला जातो. तो आवरा. दाब ठरतो रेणूंच्या संख्येवर, म्हणून आधी मोल, म्हणजे ग्रॅम भागिले रेणुभार, काढा: ऑक्सिजन ०.२५, हेलियम ०.७५. ऑक्सिजनचा वाटा पाव, म्हणजे १ बार. वजनाने कितीतरी कमी असलेला हेलियम उरलेले ३ बार देतो. हे कुणाला पहिल्यांदा नीट कळतं तेव्हा मला आजही आनंद होतो.

एकूण दाब म्हणजे आंशिक दाबांची बेरीज, या जॉन डाल्टनने १८०१ मध्ये मांडलेल्या नियमातली 'एकमेकांशी क्रिया न करणारे वायू' ही अट वहीत अधोरेखित करा. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड एकत्र आले तर अमोनियम क्लोराइडची पांढरी भुकटी तयार होते. तिथे दाबांची साधी बेरीज चालत नाही.

पाण्याच्या वाफेच्या दाबाचा तक्ता जवळ ठेवा: २५ अंश सेल्सिअसला २३.८ मिमी (पाऱ्याचे), ३० अंशांना ३१.८. वायू पाण्यावर गोळा करताना उपडी नळी हळूहळू वरखाली करून पाण्याची आतली आणि बाहेरची पातळी एक करायची, तेव्हा कुठे आतला दाब बाहेरच्या हवेइतका होतो. तो २५ अंशांना ७५० मिमी असेल, तर त्यात वाफही आली. तिचे २३.८ वजा केले की कोरडा वायू ७२६.२ मिमीच.

ही वजाबाकी विसरणाऱ्यांनी एव्हरेस्ट आठवावं. १९८१ मध्ये शिखरावर हवेचा दाब २५३ मिमी मोजला गेला. फुप्फुसात शिरणाऱ्या हवेत शरीराच्या ३७ अंशांना वाफ ४७ मिमी, समुद्रकाठी तेवढीच आणि शिखरावरही तेवढीच. उरलेल्या २०६ चे २१ टक्के, म्हणजे ऑक्सिजन जेमतेम ४३ मिमी. समुद्रकाठी तोच १५० च्या आसपास असतो.

PV = nRT हे वायूचं समीकरण वापरताना तापमान केल्विनमध्ये आणि त्यातला स्थिरांक R दाबाच्या एककाशी जुळणारा, हे तर हवंच. शेवटी आंशिक दाबांची बेरीज करून पाहा, पण ती जुळली तरी मोलची ओळ पुन्हा तपासा. वरच्या गणितात ऑक्सिजन चुकून १६ धरला तर १.६ आणि २.४ बार येतात, आणि त्यांचीही बेरीज ४ च होते.