बारावीनंतर एफवायचं (डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं) ॲडमिशन: निकालाची वाट बघत बसू नका

बारावीच्या निकालात कोकण बोर्ड दरवर्षी पहिलं येतं, आपली पोरं मार्क आणतातच, आणि मग जूनच्या पावसात दाखल्यासाठी कणकवली-कुडाळला खेपा मारत बसतात, ते बघून खरंच जीव तुटतो. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड हे सगळं मुंबई विद्यापीठाखाली येतं, आणि बीए, बीकॉम, बीएस्सीला दोन फॉर्म असतात. पहिला विद्यापीठाच्या पोर्टलवर प्री-ॲडमिशन नोंदणीचा. तो भरला की प्रिंट काढायची आणि मग ज्या ज्या कॉलेजात जायचंय तिथला फॉर्म वेगळा भरायचा. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारची मुलगी, 78 टक्के, विद्यापीठाचा फॉर्म भरून निवांत बसली, पहिली मेरिट लिस्ट लागली तर नावच नाही, कारण कॉलेजचा फॉर्म भरलाच नव्हता. तिचे बाबा माझ्याकडे आले, "आता काय करूचा?" एवढंच म्हणाले. पुढच्या लिस्टला झालं तिचं, पण हवा होता तो विषय गेला.

आता कागदपत्रं. ही एप्रिलमध्येच काढायला घ्या, पेपर संपले की लगेच. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल म्हणजे रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, आणि ओबीसी वगैरे असाल तर नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला. या नॉन-क्रीमीलेअरवर मुदत लिहिलेली असते, 31 मार्चची, कुठल्या सालची ते वाचा. घरात जुना आहे म्हणून मुलं बिनधास्त असतात आणि तो मार्चलाच संपलेला असतो. नवीन काढायला तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि निकालानंतर सेतूत (दाखले मिळतात त्या सरकारी केंद्रात) ही गर्दी, त्यात सर्व्हर डाऊन.

आणि नाव! आधार, दहावीची मार्कशीट, एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) तिन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. एका मुलाच्या आधारवर वडिलांचं नाव नुसतं 'चंद्रकांत' आणि मार्कशीटवर 'चंद्रकांत'च्या स्पेलिंगमध्ये एक एच जास्त, तेवढ्यावरून स्कॉलरशिपचं अडलं होतं. बँक खातं आधारला लिंक आहे ना तेही आत्ताच बघा, महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचे, पैसे त्याच खात्यात येतात.

कॉलेजं एकच भरू नका. रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर, देवरुखचं आठल्ये-सप्रे-पित्रे, सावंतवाडीचं पंचम खेमराज, मालवणचं स. का. पाटील, जिथे रोज एसटीने जाऊन येणं जमेल अशी दोन-तीन घ्या, मुंबईतलं हवं असेल तर तेही घ्या पण घराजवळचं एक तरी ठेवाच. मुंबईत खोलीचं भाडं किती ते आधी विचारा, मग ठरवा. इंजिनिअरिंग, फार्मसीचं सगळं वेगळं, सीईटी (प्रवेश परीक्षा) आणि कॅप राऊंडने (सरकारच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांनी), त्याची या फॉर्मशी गल्लत करू नका.

विषय निवडताना मात्र घाई नको. नवीन शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य विषय आणि एक जोडविषय, आलंय, तीन वर्षांची डिग्री किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. मेजर कोणता ते तुम्ही ठरवा, मित्र घेतोय म्हणून नको.

फॉर्म सकाळी लवकर भरा, दुपारनंतर पाऊस लागला की लाईट आणि नेटवर्क दोन्ही जातं. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर लगेच परत भरू नका, आधी पोर्टलवर स्टेटस बघा.

लिस्टमध्ये नाव लागलं की दिलेल्या तारखेच्या आत फी भरायची आणि ओरिजिनल दाखवायचे, तारीख गेली की सीट गेली, मग कितीही मार्क असोत. ॲडमिशन झालं की कॉलेजातून बोनाफाईड (तिथे शिकत असल्याचा दाखला) घ्या आणि एसटीचा पास काढा, 66.67 टक्के सवलत आहे, पण मुलींना बारावीपर्यंत फुकट असलेला पास एफवायला चालत नाही, तेवढे पैसे महिन्याच्या हिशोबात धरा.